पाचवी विनवणी

शनिवारी इस्त्री संपली की
त्याच टेबलावर, अजून कोमट असलेल्या चादरीवर,
मी उद्याच्या मिस्साच्या विनवण्या लिहायला बसते.
पहिली पोपसाठी, बिशपसाठी.
दुसरी राज्य करणाऱ्यांसाठी. नावं घेत नाही.
तिसरी आजाऱ्यांसाठी, तिथे मात्र नावानिशी:
शिडीवरून पडलेला चेन्सू, डायलिसिसवरची मेलिता,
आणि ज्याला काय झालंय ते घरचे सांगत नाहीत
तो सालवूचा धाकटा.
चौथी मेलेल्यांसाठी.
पाचवी कोरी ठेवते,
रविवार उजाडेपर्यंत कुणाचं काय होईल, सांगता येत नाही.

निवडणूक आली की आमच्या गोझो बेटावर
गच्चीतले टॉवेलसुद्धा बोलायला लागतात.
लाल बादली बाहेर ठेवली तर लोक हसतात,
निळी ठेवली तरीही.
चौकात बेकऱ्या दोन. पीठ एकाच गिरणीचं,
पाव एकाच चवीचा,
पण अर्धं गाव उजवीकडे वळतं, अर्धं डावीकडे,
आणि दोघांनाही दुसरीकडचा पाव
कच्चा लागतो.

काल रात्री दाराखालून चिठ्ठी सरकली.
अक्षर ओळखीचं होतं.
"हे प्रभो, ज्यांनी तुझ्या बेटाचा बाजार मांडला
त्यांना येत्या शनिवारी धडा शिकव."
वर बारीक अक्षरात: पाचवीसाठी.
आज सकाळी, झगे टांगतात त्या खोलीत, दुसरी:
"गरिबांच्या कैवाऱ्यांचे हात
आणखी पाच वर्षं बळकट कर."
तेही अक्षर ओळखीचं.
दोन्ही चिठ्ठ्यांत
देवाचं मत आधीच टाकून झालेलं.

माझा काका विस्तिन गेला त्या वर्षी
चर्चचं आणि त्याच्या पक्षाचं बोलणं बंद होतं.
मी सात वर्षांची.
घंटा वाजली नाही.
भिंतीच्या पलीकडे, जिथे फादरांचं शिंपडणं पोचत नसे,
तिथे त्याला ठेवला.
आई म्हणाली, मागे वळून बघू नकोस.
मी बघितलं.
काकू व्हिनेगरच्या बाटलीतून
मातीवर काहीतरी ओतत होती.
पवित्र पाणी होतं, दारातल्या कुंडातून चोरून भरलेलं.
तिच्या हातांना मात्र
कितीतरी दिवस व्हिनेगरचा वास येत होता.

फादर शावेर तरुण, पलीकडच्या गावचे.
"सगळं लिहिलंय ना?" त्यांनी विचारलं.
मी हो म्हटलं.
खिशात दोन चिठ्ठ्या, हातात कागद.

चार वाचल्या. चारदा सगळे म्हणाले,
हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक.
पाचवीला मी चष्मा काढला.
म्हटलं, "आता ज्याची त्यानं. मनातल्या मनात."

काय शांतता ती!
पंखा कुरकुरला. कुणीतरी खोकलं.
दोन्ही बेकरीवाले आपापल्या बाकांवर
माझ्याकडे रोखून बघत होते, उधारी थकल्यासारखे.
मी मोजत होते, अकरा, बारा, तेरा,
आणि तेवढ्यात म्हातारी जोन्ना,
जिला ऐकू येत नाही, म्हणून मनातलंही मोठ्यानं येतं,
म्हणाली, "माझ्या उजव्या गुडघ्यासाठी!"

आधी मुलं हसली. मग फादर.
मग लाल आणि निळं अख्खं देऊळ
एका आवाजात, कधी नव्हे इतक्या मोठ्यानं:
हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक.

बाहेर आलो तर चौकात झेंडे लावलेल्या गाड्या,
हॉर्न सुरू झालेले.
जोन्ना जिना उतरत होती. एक कोपर
उजव्या बेकरीच्या हातात, एक डाव्या.
दोघं एकमेकांकडे बघत नव्हते.

खरं सांगायचं तर त्या शांततेत
मीही माझ्याच पक्षासाठी मागितलं.
सवय आहे, जात नाही.
पण ओठ मिटलेले होते.

येताना पाव घेतला.
कुठून, ते विचारू नका.